बडोद्यात नवे आहात? फ्लूची तयारी पावसाआधी करून ठेवा

बदली होऊन, नोकरी लागून किंवा मुलांच्या शिक्षणासाठी बडोद्याला आलेली मराठी कुटुंबं पहिल्या महिन्यातच गॅसची एजन्सी, शाळेची रिक्षा आणि चांगलं श्रीखंड कुठे मिळतं ते शोधून काढतात. डॉक्टर मात्र ताप आल्यावर शोधतात. बऱ्याच आजारांत हे चालून जातं. फ्लूत चालत नाही. फ्लूच्या औषधाचा खरा उपयोग पहिल्या दोन दिवसांत होतो, आणि लस उपयोगी पडायची तर ती निदान दोन आठवडे आधी घेतलेली असावी लागते. म्हणजे ताप चढलेला असताना, नव्या गावात, रात्री नऊ वाजता "जवळ कोणी चांगला डॉक्टर आहे का हो?" असं विचारायची वेळ आली, तर अर्धी लढाई आधीच हातची गेलेली असते.

मी दांडिया बाजार भागात औषधांच्या दुकानात बसतो. डॉक्टर नाही. निदान करणं आणि डोस ठरवणं डॉक्टरांचंच काम. पण कोण केव्हा येतं, काय मागतं आणि खरं तर काय मागायला हवं होतं, हे काउंटरच्या या बाजूने बरंच दिसतं. त्यातूनच हा लेख.

आधी घरात यादी करा

फ्लू सगळ्यांना होतो, पण हॉस्पिटलात दाखल व्हायची पाळी सगळ्यांवर येत नाही. तिशीतला धडधाकट माणूस चार-पाच दिवस अंथरुणाला खिळतो, आठवडाभर खोकतो आणि कामाला लागतो. त्याच विषाणूने त्याच्या वडिलांना न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून पहिलं काम एका कागदावर होतं: घरातल्या माणसांपैकी कोणाला धोका जास्त आहे?

वयाची पासष्टी ओलांडलेले सगळे त्या यादीत येतात. पाच वर्षांखालची मुलं, त्यातही दोन वर्षांखालची, येतात. गरोदर बाई येते, आणि बाळंतपणानंतरचे पहिले दोन आठवडेही धरायचे. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, हृदयविकार, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार, कॅन्सर, एचआयव्ही, बराच काळ चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, अतिशय जास्त वजन, हे सगळे येतात. आणि मधुमेह येतो.

मधुमेहापाशी जरा थांबतो, कारण आपल्या घरांत यादीतून गळतं ते नेमकं हेच नाव. "तशी थोडी शुगर आहे, पण कंट्रोलमध्ये आहे," असं म्हणून माणूस स्वतःला धडधाकटांत मोजतो. गोळी चालू असेल तर यादीत नाव लिहा. शुगर कंट्रोलमध्ये असली तरी लिहा. फ्लूच्या तापात ती कंट्रोलमध्ये राहीलच असं नाही. ताप, कमी झालेलं खाणं आणि चुकलेल्या गोळ्या यांनी ती वरखाली होते आणि मग दाखल करायला एवढंच कारण पुरतं.

हृदयाच्या रुग्णांचंही तसंच. फ्लू म्हणजे छातीचा, घशाचा आजार, त्याचा अँजिओप्लास्टी झालेल्या काकांशी काय संबंध, असं वाटतं. २०१८ मध्ये कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत फ्लू सिद्ध झालेल्या रुग्णांत निदानानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीपेक्षा सुमारे सहापट आढळलं. जगभरचे हृदयरोगतज्ज्ञ आपल्या रुग्णांना फ्लूची लस घ्यायला सांगतात ते यामुळेच. बायपास, स्टेंट किंवा पंपिंग कमी असलेलं कोणी घरात असेल, तर पुढच्या फॉलोअपला "फ्लूची लस घेऊ का?" हे आपणहून विचारा. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांकडून ते राहून जाऊ शकतं.

सहा महिन्यांखालच्या बाळाला लस देता येत नाही. त्याच्या रक्षणाचे दोनच मार्ग आहेत: आईने गरोदरपणात घेतलेली लस, जिच्या प्रतिपिंडांचा वाटा बाळाला मिळतो, आणि बाळाला उचलून घेणाऱ्या बाकीच्यांनी घेतलेली लस.

ही यादी फ्रिजवर लावा. पुढचे सगळे निर्णय तिच्यावरून घ्यायचे आहेत.

लस केव्हा घ्यायची

"फ्लू थंडीत येतो" हे आपण अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ऐकलेलं असतं. गुजरातेत फ्लू दोनदा डोकं वर काढतो: एकदा जानेवारी ते मार्च, आणि दुसऱ्यांदा पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टपासून पुढे. इथल्या जुन्या माणसांना दोन्ही आठवतात. २०१५ च्या फेब्रुवारीत स्वाइन फ्लू एवढा पसरला की अहमदाबादेत जमावबंदीचं १४४ कलम लावलं होतं. त्या वर्षी देशात ४२ हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ३ हजार माणसं दगावली. गुजरात आणि राजस्थान यांना सर्वांत मोठा फटका बसला. मग २०१७ ची मोठी लाट आली ती भर पावसाळ्यात. तोच विषाणू, तेच राज्य, पण ऋतू वेगळा. 'स्वाइन फ्लू' हे नाव अजून लोकांना घाबरवतं. खरं तर २००९ साली आलेला तो एच१एन१ विषाणू आता दरवर्षीच्या फ्लूचाच एक भाग झाला आहे आणि दरवर्षीच्या लशीत त्याचा समावेश असतोच.

म्हणून बडोद्यासाठी सोयीचा काळ म्हणजे एप्रिलअखेर ते जून. शाळांना सुट्टी असते, गावाकडून आई-वडील आलेले असतात, दवाखान्यांत गर्दी कमी असते. पाऊस सुरू झाला की जुलैत मुलं वर्गात एकमेकांवर खोकतात, मग गणपती, मग नवरात्रातले गरबे. मे-जूनमध्ये घेतलेली लस या सगळ्याला पुरते. उशीर झाला म्हणून सोडून मात्र देऊ नका. ऑगस्टमध्ये आठवलं तर ऑगस्टमध्ये घ्या, दिवाळीनंतर आठवलं तर तेव्हाही. जानेवारीची लाट पुढे असतेच. तिच्यात आपल्याकडे एक खास भर पडते. डिसेंबरात न्यू जर्सी आणि लंडनहून नातेवाईक लग्नाला येतात, तेव्हा तिकडे फ्लूचा भर हंगाम असतो. चॉकलेटांबरोबर तोही बॅगेत येतो.

दरवर्षी का घ्यायची, हा पुढचा प्रश्न. एक, विषाणू सतत रूप बदलतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लशीत कोणते प्रकार असावेत ते जाहीर करते. दोन, लशीने आलेलं संरक्षण काही महिन्यांत ओसरू लागतं. गेल्या वर्षीची लस या पावसाळ्याला पुरणार नाही.

खोक्यावर वर्ष आणि 'नॉर्दर्न' की 'सदर्न हेमिस्फिअर' हे छापलेलं असतं. उन्हाळ्यात येणारी नवी लस साधारणपणे सदर्नची असते, दिवाळीच्या आसपासची नॉर्दर्नची. त्यावर फार डोकं शिणवायचं कारण नाही. त्या वेळी बाजारात असलेली सर्वांत ताजी घ्या आणि एक्स्पायरीची तारीख वाचा.

लस कुठे, कशी

फ्लूची लस सरकारच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही. म्हणजे पोलिओ-गोवरसारखी ती अर्बन हेल्थ सेंटरवर मोफत मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. ती खासगीत विकत घ्यावी लागते. मुलांच्या डॉक्टरांकडे बहुधा असते, बऱ्याच फिजिशियनकडे मागवून देतात, मोठ्या हॉस्पिटलांत ओपीडीत मिळते. जायच्या आधी फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: या हंगामाची आहे का, किंमत किती, आणि मोठ्यांनाही देता का. गुजराती अजून जमत नसेल तर "फ्लूनी रसी छे?" एवढं म्हटलं तरी काम होतं, हिंदी तर सगळ्यांना कळतंच. किंमत कंपनीप्रमाणे बदलते. पाच माणसांच्या घराला हा खर्च जाणवतो, हे खरं. सगळ्यांना परवडत नसेल तर फ्रिजवरच्या यादीतल्यांना आधी द्या, मग त्यांना सांभाळणाऱ्यांना.

तीन प्रकारांवाली की चार प्रकारांवाली, यावरून लोक दुकानात वाद घालतात. चौथा प्रकार म्हणजे फ्लूच्या 'बी' विषाणूचा यामागाता नावाचा उपप्रकार. मार्च २०२० नंतर तो जगात कुठे फिरताना खात्रीलायक आढळलेला नाही. म्हणून तीन प्रकारांची लस पुरेशी आहे, असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते. चारवाली मिळाली तर नुकसान काही नाही, पण तिच्यासाठी महिनाभर थांबून राहण्यात अर्थ नाही.

शक्य असेल तर लस दवाखान्यातच घ्या. आमच्यासारख्या दुकानातून घेऊन जायची असेल तर बर्फाच्या पॅकसकट मागा आणि थेट दवाखाना गाठा. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. मेमधल्या ४२ अंशांत स्कूटरच्या डिकीत ती तासभर पडली, तर नंतर टोचलं जाईल ते नुसतं महागडं पाणी असू शकतं. उलट टोकाची चूक म्हणजे फ्रीजरमध्ये ठेवणं. गोठलेली लस फेकूनच द्यावी लागते.

मोठ्यांना दंडात एक इंजेक्शन. सहा महिने ते आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना आयुष्यात पहिल्यांदाच लस देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. पुढच्या वर्षापासून एकच. दुसरा डोस विसरला जातो म्हणून पहिल्याच दिवशी मोबाइलमध्ये तारीख टाका. गरोदर बाईला कोणत्याही महिन्यात देता येते. न्यूमोनियाची लस त्याच दिवशी दुसऱ्या दंडात घेता येते, आणि ज्येष्ठांनी ती विचारावीच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. लस मिळते, फक्त नंतर जागा थोडा वेळ दाबून धरतात. अंड्याची अ‍ॅलर्जी आता अडचण मानली जात नाही. पूर्वी याच लशीने तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल तर मात्र घ्यायची नाही. लशीनंतर गिलेन-बारे नावाचा मज्जातंतूंचा आजार झाला असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नको. अंगात चांगलाच ताप असेल तर उतरेपर्यंत थांबा. नुसत्या सर्दीला थांबायची गरज नाही. टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसा.

दंड दुखणं, एखादा दिवस कणकण, हे होतं. "लस घेतली आणि मलाच फ्लू झाला" असं शपथेवर सांगणारा माणूस प्रत्येक सोसायटीत एक तरी असतो. आपल्याकडे टोचतात त्या लशीत विषाणू मारलेला असतो. तिने फ्लू होऊ शकत नाही. संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात, त्याआधी खरा फ्लू गाठू शकतो. आणि वर्षभरात येणाऱ्या इतर पन्नास सर्दी-खोकल्यांवर या लशीचा काहीही उपाय नाही.

ती शंभर टक्के वाचवते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. विषाणूशी लशीची जोडी नीट जुळलेल्या वर्षी फ्लूने डॉक्टरांकडे जायची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. वयस्कर माणसांत त्याहून कमी. मग घ्यायची कशाला? कारण लस घेऊनही ज्यांना फ्लू होतो, त्यांच्यात तो छातीत उतरण्याचं, आयसीयूपर्यंत जाण्याचं प्रमाण कमी राहतं. ऐंशीच्या आजोबांना चार दिवस ताप आला आणि ते घरीच बरे झाले, यातच लशीचे पैसे वसूल झाले. पण न घडलेलं कोणाला दिसत नाही, ही या लशीची अडचण आहे.

ताप आला. आता?

फ्लू चढतो तो एकदम. दुपारी ठीक असलेला माणूस संध्याकाळी अंगावर गोधडी घेऊन कुडकुडतो. जोराचा ताप, हातपाय मोडून येणं, डोकेदुखी, कोरडा खोकला, घसा धरणं, आणि उठवत नाही असा थकवा. साधी सर्दी नाकापासून हळूहळू सुरू होते, आणि माणूस कामं करत राहतो. वयस्करांत मात्र ताप बेताचाच असू शकतो. जेवण तुटणं, गुंगी, तोल जाणं एवढंच दिसतं.

पहिली गोष्ट: ताप कधी सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा. "काल-परवापासून" असं नको. "मंगळवारी संध्याकाळी सहा" असं. पुढचं सगळं या वेळेवर अवलंबून आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे यादी बघा. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने फ्लूच्या रुग्णांचे अ, ब आणि क असे गट केले आहेत, आणि घरच्यांनाही ते समजून घेता येतात. सौम्य ताप, खोकला, घसा, आणि माणूस यादीतला नाही: हा 'अ' गट. घरी राहायचं, विश्रांती, पाणी, तापाला पॅरासिटामॉल. फ्लूची तपासणी नको, फ्लूविरोधी गोळी नको, पण २४ ते ४८ तासांत पुन्हा डॉक्टरांना दाखवायचं. ताप जोराचा आणि घसा फार दुखतो तर 'ब'चा पहिला भाग; गोळी द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतात. लक्षणं सौम्य असली तरी माणूस यादीतला असेल तर 'ब'चा दुसरा भाग, आणि इथे ओसेल्टामिविर ही फ्लूविरोधी गोळी सुरू करायची असते, तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत न थांबता. धाप, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब घसरणं, थुंकीत रक्त, निळी पडलेली नखं म्हणजे 'क': तपासणी, दाखल करणं आणि उपचार एकाच वेळी.

नव्या माणसांची गल्लत 'ब'च्या दुसऱ्या भागात होते. "ताप फार नाही, दोन दिवस बघू," हा सल्ला तिशीतल्यासाठी उत्तम आहे, सत्तरीतल्या मधुमेही आईसाठी नाही. यादीतल्या माणसाला त्याच दिवशी दाखवा. लस घेतलेली असली तरीही.

काउंटरवर नेहमी होणारा संवाद असा:

"काका, अझिथ्रोची तीन गोळ्यांची स्ट्रिप द्या ना."

"कोणाला हवी?"

"अप्पांना. कालपासून ताप आहे. मागे कोविडमध्ये हीच दिली होती."

"अप्पांना शुगर आहे ना गं? मग आज संध्याकाळी डॉक्टरांना दाखवून ये. अझिथ्रो म्हणजे अँटिबायोटिक, ती जिवाणूंसाठी असते. फ्लू विषाणूचा. त्याला ती काही करत नाही."

"पण तोवर काहीतरी?"

"तोवर पॅरासिटामॉल. आणि थर्मामीटर आहे का घरी?"

मार्च २०२३ मध्ये एच३एन२ या फ्लूच्याच दुसऱ्या प्रकाराची साथ चालू असताना इंडियन मेडिकल असोसिएशननेही हेच सांगितलं होतं, की अशा तापात ऊठसूट अँटिबायोटिक घेऊ नका. न्यूमोनियात जिवाणूंची भर पडली तर डॉक्टर देतीलच. घरात उरलेल्या कोविडच्या स्टेरॉइडच्या गोळ्या तर हातातही घेऊ नका. फ्लूत त्या विनाकारण दिल्या तर तब्येत बिघडू शकते. सलाइन लावल्याने ताप लवकर जातो हाही एक गैरसमजच; तोंडाने पाणी, ताक, भाताची पेज जात असेल तर बाटलीची गरज नसते.

पॅरासिटामॉलबद्दल दोन सूचना, कारण तिथे आम्हाला रोज अडवावं लागतं. सर्दीच्या तयार गोळ्यांत बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतंच. वरून ६५०ची गोळी घेतली की दुप्पट होतं. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचा. आणि ऑगस्ट-सप्टेंबरचा ताप असेल तर आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने घेऊ नका. विश्वामित्री नदीचं पाणी ओसरलं की बडोद्यात डासांचा हंगाम सुरू होतो, आणि डेंग्यूत या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पहिल्या दिवशी फ्लू आणि डेंग्यू सारखेच दिसतात. खोकला-घसा ठळक असेल तर फ्लूकडे झुकतं माप, डोळ्यांमागे दुखणं आणि अंगावर पुरळ असेल तर डेंग्यूकडे, पण खात्री रक्त तपासूनच होते. हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. लहान मुलांना तर तापात अ‍ॅस्पिरिन कधीच नाही.

ती गोळी

ओसेल्टामिविर. टॅमिफ्लू, फ्लूव्हिर, अँटिफ्लू अशा नावांनी मिळते. विषाणू पेशीतून बाहेर पडून पुढच्या पेशीत जायला ज्या एन्झाइमचा वापर करतो, त्यालाच ही अडवते. त्यामुळे विषाणू कोट्यवधींनी वाढून झाल्यावर दिली तर अडवायला फारसं काही उरत नाही. म्हणून ४८ तासांचा आग्रह, आणि म्हणूनच ताप सुरू झाल्याची वेळ लिहायची. दाखल करण्याइतका गंभीर रुग्ण असेल तर मात्र ४८ तास उलटून गेले तरी डॉक्टर ती सुरू करतात.

मोठ्यांचा नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. म्हणजे दहा कॅप्सूलची एक स्ट्रिप. मुलांना वजनावर: १५ किलोपर्यंत ३०, १५ ते २३ किलोला ४५, २३ ते ४० किलोला ६०, त्यापुढे ७५ मिलिग्रॅम, हेही दिवसातून दोनदा. एक वर्षाखालच्या बाळाचा हिशेब वेगळा असतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डोस कमी करावा लागतो, म्हणून शेवटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्या. मळमळ आणि उलटी हे नेहमीचे त्रास. पोटात काही घालून गोळी घेतली की कमी होतात. मुलांमध्ये क्वचित विचित्र वागणं, बडबड दिसते. दिसलं तर लगेच कळवा. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी पाचही दिवस पूर्ण करा.

प्रिस्क्रिप्शनशिवाय आम्ही ती देत नाही, देऊ शकत नाही. २०१७ पर्यंत ती इतक्या कडक नियमांत होती की मोजक्याच दुकानांत मिळायची. मग ती शेड्यूल एच१ मध्ये आली. आता सर्वसाधारण दुकानात ठेवता येते, पण चिठ्ठी लागते, आणि रुग्णाचं व डॉक्टरांचं नाव नोंदवहीत लिहून ती नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. म्हणून आम्ही नाव विचारलं तर रागावू नका. अडचण वेगळीच आहे: साथ नसताना प्रत्येक दुकान ती ठेवतंच असं नाही. चिठ्ठी मिळाल्यावर दोन-तीन दुकानांना फोन करा, किंवा मोठ्या हॉस्पिटलच्या आवारातलं चोवीस तास चालणारं मेडिकल गाठा.

या गोळीची जादू किती, हेही सांगायला हवं. धडधाकट माणसाचा आजार ती जेमतेम एका दिवसाने कमी करते. त्यासाठी दुकानं पालथी घालू नका. हॉस्पिटलात दाखल होणं ती किती टाळते यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. निवडक रुग्णांवरच्या चाचण्यांत हा फायदा स्पष्ट दिसलेला नाही, पण दाखल झालेल्या आणि जास्त धोक्याच्या रुग्णांच्या नोंदींत लवकर गोळी मिळालेल्यांची तब्येत बरी राहिलेली दिसते. म्हणून ती यादीतल्यांसाठी. आणि ती लशीची जागा घेत नाही.

घरी थांबायचं नाही, अशी लक्षणं

यादीतला असो वा नसो, यातलं एक जरी दिसलं तरी निघायचं: बोलताना वाक्य तुटेल इतकी धाप, छातीत दुखणं, जागं केल्यावरही गुंगीत असणं किंवा असंबद्ध बोलणं, ओठ-नखं निळसर, लघवी फार कमी होणं, थुंकीत रक्त. कोविडपासून घरोघरी ऑक्सिमीटर पडून आहेत, सेल बदला. स्वस्थ बसलेल्या माणसाचा आकडा ९४च्या खाली जात असेल तर उशीर नको. नखांवर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो, दुसरं बोट वापरा. जुना दमा असलेल्यांचा नेहमीचाच आकडा कमी असू शकतो, तो चांगल्या दिवसांत मोजून लिहून ठेवा.

लहान मुलांत धाप मोजावी लागते. मूल शांत असताना छाती पूर्ण एक मिनिट बघायची. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते अकरा महिन्यांत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे धोका. फासळ्या आत ओढल्या जाणं, दूध न घेणं, सतत किरकिर किंवा उलट निपचित पडणं, हेही तितकंच गंभीर.

आणखी एक लक्षण सहज फसवतं. ताप उतरतो, दोन दिवस बरे जातात, सगळे निर्धास्त होतात, आणि मग पुन्हा ताप चढून खोकला वाढतो. ही "उलटलेली सर्दी" समजू नका. फ्लूनंतरचा न्यूमोनिया असाच येतो.

१०८ला फोन केला की रुग्णवाहिका मोफत येते. सरकारी उपचारासाठी जेल रोडवरचं सयाजी हॉस्पिटल, जे बडोदा मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे, आणि गोत्रीचं मेडिकल कॉलेज हॉस्पिटल ही दोन मोठी ठिकाणं. निघताना चालू औषधांच्या स्ट्रिपा, जुने रिपोर्ट, आधार, आयुष्मान कार्ड असेल तर ते, आणि ताप सुरू झाल्याची वेळ लिहिलेला तो कागद घ्या. मकरपुरा किंवा मांजलपुरात राहत असाल तर भर संध्याकाळी या टोकाहून त्या टोकाला जायला किती वेळ लागतो ते एकदा बघून ठेवा, आणि घराजवळचं आयसीयू असलेलं खासगी हॉस्पिटलही माहीत करून घ्या.

बाकी घर

लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस रुग्ण इतरांना फ्लू देऊ शकतो. वेगळी खोली असेल तर उत्तम. दोन खोल्यांच्या घरात निदान पलंग खिडकीपाशी, रुग्णाला मास्क, आणि यादीतल्या माणसाला शेजारी झोपवायचं नाही. नातवाला फ्लू असताना आजीच त्याला कुशीत घेऊन झोपते. तेवढे पाच दिवस आईने झोपावं. औषधाशिवाय ताप जाऊन पूर्ण एक दिवस उलटल्याखेरीज शाळा-ऑफिस नाही, आणि त्या आठवड्यात आरती-गरब्याची गर्दीही नाही. घरातल्या जास्त धोक्याच्या माणसाने लस घेतली नसेल तर डॉक्टर त्याला प्रतिबंधक म्हणून रोज एक ओसेल्टामिविर काही दिवस देऊ शकतात. रुग्णाला दाखवायला जाल तेव्हाच हे विचारा. वाफ घ्या, काढा घ्या, आवडत असेल तर; फक्त मुलांजवळ उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवू नका.

फ्लू होऊन गेला तरी त्या वर्षीची लस वाया जात नाही. तो एकाच प्रकाराचा झाला, लशीत इतरही असतात. पूर्ण बरं वाटल्यावर घ्या. मधुमेह असेल तर बरं झाल्यावर आठवड्याभरात शुगर एकदा तपासून घ्या, आणि त्या खेपेला डॉक्टरांकडून न्यूमोनियाच्या लशीची तारीखही घेऊन या.